विहिरीतल्या जेलीफिशवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना जेलीफिश आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. हे ऐकून तुम्हाला दोन शंका येतील. सोलापूर जिल्ह्यात समुद्र कुठला, ही पहिली. डोळे, कान, हृदय, मेंदू यांतलं काहीच नसलेला प्राणी आत्मवृत्त कसं सांगतो, ही दुसरी. पहिलीचं उत्तर सोपं आहे, मी गोड्या पाण्यातला आहे. दुसरीचं म्हणाल, तर तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री आणि मोडका पेन आपापली कहाणी सांगतात, तेव्हा त्यांचे कान तुम्ही तपासता का? मग मला एकट्यालाच का धारेवर धरता?

माझं घर म्हणजे टेंभुर्णीहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीवरची दगडी विहीर. ती दोन भावांची सामाईक आहे. थोरले हिंदुराव आणि त्यांची बायको गोजरबाई इथेच असतात. धाकटा भाऊ ट्रकवर असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याचं सगळं त्याची बायको अंबुबाई बघते. आता विहीर भावकीत सामाईक असली की तिच्यात पाण्याआधी संशय साठतो, हे काय मी सांगायला हवं?

मला या विहिरीत आणलं हिंदुरावांनीच. त्यांनी एका वर्षी टेंभुर्णीहून माशांची पिल्लं आणली आणि पिशवीतल्या पाण्यासकट विहिरीत ओतली. त्या पाण्यात शेवाळाचा एक तुकडा होता आणि त्याला मी चिकटलो होतो. तेव्हा मी टाचणीच्या डोक्याएवढा होतो, त्यामुळे कुणी माझ्याकडे बघितलं नाही. आमचं मूळ चीनमधल्या यांगत्से नदीचं, असं जाणकार सांगतात. ही गोष्ट हिंदुरावांच्या कानावर गेली नाही, हे माझं नशीब.

कितीतरी वर्षं मी विहिरीच्या दगडाला देठासारखा चिकटून काढली. माझ्या अंगाचा एखादा तुकडा सुटायचा, सरपटत पुढे जायचा आणि त्याचा दुसरा मी व्हायचा. मग या वैशाखात पाणी चांगलं कोमट झालं आणि माझ्या अंगावर कळ्या धरल्या. त्या सुटल्या, वाढल्या आणि त्यांच्या काचेसारख्या पारदर्शक छत्र्या झाल्या. पाच रुपयांच्या नाण्याएवढी एकेक छत्री, काठाला शेकडो बारीक धागे आणि मधोमध लोंबणारं पोट. खायचं तोंड आणि नको ते बाहेर टाकायचं तोंड एकच. अंगात जवळजवळ सगळं पाणीच. एकाच मुळापासून फुटलेले असल्यामुळे आम्ही सगळे नर. गोतावळा एवढा मोठा, पण घरात लग्नकार्य नाही. त्या सगळ्या छत्र्या म्हणजे मीच, असं मी धरून चालतो आणि तुम्हीही धरा.

मी उघडझाप करत वर जातो आणि धागे पसरून अलगद खाली उतरतो. वाटेत पाण्यातला बारीकसा किडा धाग्याला लागला की संपलाच. धाग्यांमध्ये विषाच्या सूक्ष्म कुप्या असतात. स्पर्श झाला की कुपी फुटते आणि आतली सुई बाहेर येते. आलेला पाहुणा आहे की भक्ष्य आहे, ही चौकशी करायला मेंदू लागतो, तो माझ्याकडे नाही. माणसाच्या कातडीत मात्र माझी सुई सहसा शिरत नाही. हे मला ठाऊक होतं, माणसांना नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अंबुबाई वस्तीवरच्या मुलींना पोहायला शिकवायची. काष्टा घालून ती आधी स्वतः उडी मारायची. मुलींच्या पाठीला रिकामा प्लास्टिकचा डबा दोराने बांधलेला असायचा. तिची एक युक्ती होती. ती रोज प्रत्येकीच्या डब्यात त्यांना न सांगता थोडं पाणी भरायची. डबा रोज थोडा कमी तरंगायचा आणि मुलगी रोज थोडी जास्त. शेवटी डबा काठोकाठ भरलेला असायचा आणि मुलगी आपल्याच हातापायांवर विहिरीला फेरी घालायची. संस्कृती नावाच्या मुलीचा डबा तर भरतच आला होता.

एके दिवशी गोजरबाईंची नात सृष्टी पाण्यातूनच ओरडली, "अंबूआज्जी, हितं काचेचं कायतरी हाय! उघडझाक करतंय बघ!"

मुली किंचाळत पायऱ्यांवर चढल्या. वर गेल्या आणि थोड्या वेळाने कंबर खाजवू लागल्या. कंबरेभोवती लाल पट्टे उठले. मला तेव्हाच संशय आला. मी तर त्यांच्या हातांना, पायांना, एकीच्या गालालासुद्धा घासून गेलो होतो. मग खाज नेमकी कंबरेलाच का? पण माझ्या संशयाला कोण विचारतो?

गोजरबाई तरातरा आल्या. "अंबू, काय टाकलंस गं विहिरीत? खरं बोल."

"आक्का, मी कशाला टाकू? माझ्याच पोरी रोज तितं उड्या मारत्यात की."

"मग आपसूक आलं व्हय?" हिंदुराव कठड्यावरून वाकून म्हणाले. "कुणीतरी टाकल्याबिगर असलं काय येत न्हाय."

मित्रांनो, टाकणारा स्वतःच टाकणाऱ्याला शोधत होता. मला तोंड होतं, पण ते खाण्यापुरतंच.

बांधाशेजारचा अजिनाथही आला. त्याला वेगळाच वास आला. त्याने शेतासाठी मागितलेलं पाणी द्यायला लागू नये म्हणून हिंदुरावांनीच हे सोडलं असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. हिंदुरावांना वाटलं, हा एवढ्या तातडीने आला म्हणजे यानेच सोडलं असणार. दोघंही एकमेकांशी फार गोड बोलले.

तेवढ्यात अंबुबाई पायऱ्या उतरली. तिने ओंजळीत मला उचललं, वर नेऊन सगळ्यांना दाखवलं आणि सावकाश परत सोडलं. "बघा, काय बी होत न्हाय. लई गरीब हाय बिचारं."

"तुला कसं हुईल?" गोजरबाई म्हणाल्या. "तूच पाळल्यात न्हवं!"

निर्दोष ठरायला गेली आणि मालकीण ठरली. हिंदुरावांनी तिथेच निकाल दिला. "डाळिंबावर फवारायला मोरचूद आणलाय, तो सकाळी सोडतो. समदं मरून जाईल. आन् पोरींचं पवणं आजपासनं बंद."

मोरचूद म्हणजे निळे खडे. ते पाण्यात विरघळले असते, तर मी संपलो असतो, मासे संपले असते, कपारीतले बेडूकही संपले असते. मेंदू नसलेल्यालाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. अंबुबाई बराच वेळ कठड्यावर एकटीच बसून राहिली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकही मुलगी बुडाली नव्हती, आणि आता तिच्याच हातांवर कुणाचा भरवसा उरला नव्हता. मला तिची फार दया आली.

सकाळी हिंदुराव पिशवी घेऊन पायऱ्यांवर आले. पिशवीची गाठ सुटली. त्यांनी मूठभर खडे हातात घेतले.

त्याच वेळी वरून गोजरबाईंची किंकाळी आली. अंबुबाईने पुन्हा मुलींना गोळा करू नये म्हणून त्यांनी कुंपणावर वाळत टाकलेले सगळे दोर गुंडाळून खांद्यावर घेतले होते. डबे दोन्ही हातांत. दहा पावलं गेल्या असतील नसतील, तोवर डबे फेकून मान, खांदा, पाठ खाजवायला लागल्या. "अगं आई गं! पेटलं की अंग!"

"तू विहिरीत कवा उतरलीस?" हिंदुरावांनी मूठ तशीच धरून विचारलं.

"मी कुटं उतरले? मी पाण्याला बोट बी लावलं न्हाय!"

अंबुबाईची नजर जावेच्या खांद्यावरच्या दोरांवर गेली. ती धावत कुंपणाकडे गेली आणि तिने काठीने वेल बाजूला केला. आत मखमलीसारखी लव असलेल्या शेंगा लोंबत होत्या. "आक्का, दोर खाली टाका! खाजकुइली हाय ही!"

तिचे दोर आधी कठड्यावर वाळायचे. एक शेळी ते चावू लागली म्हणून तिने त्याच आठवड्यात ते कुंपणावर टाकायला सुरुवात केली होती. शेंगांची लव दोरांना लागली, अंबुबाईच्या राठ हातांना ती कळली नाही, दोर मुलींच्या कंबरेला लागले आणि आळ आला माझ्यावर. "चूक माझीच हाय," अंबुबाई म्हणाली आणि तिनेच शेण आणून जावेच्या मानेला, पाठीला चोळलं. गोजरबाई मान पुढे करून चोळून घेत होत्या. अंगाला जरा उतार पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पर कुंपणात ही खाजकुइली लावली कुणी?"

सगळ्यांनी अजिनाथच्या रानाकडे बघितलं. मित्रांनो, संशयाला नवी जागा लागते, ती त्याला लगेच मिळते.

हिंदुरावांनी मुठीतले खडे पिशवीत टाकले. "भावजी, पिशवी घरी न्या की आता," अंबुबाई म्हणाली. "असू दे," ते म्हणाले. "कवा लागंल सांगता येत न्हाय." त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि ती विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवली. अंबुबाईची माफी कुणी मागितली नाही. दुपारी मात्र सृष्टी सगळ्यांच्या आधी आली आणि नवा दोर बांधून धपकन पाण्यात पडली. तिच्यामागून संस्कृती आणि मग बाकीच्या.

माझ्या छत्र्यांचं आयुष्य फार तर काही आठवड्यांचं. त्या आता विरून गेल्या आहेत आणि विहीर पुन्हा पहिल्यासारखी दिसते. दगडावरचा मी मात्र आहे. थंडी पडली की मी आकसून कवचाच्या बारीक गाठी करतो. त्या वाळल्या तरी मरत नाहीत, पुन्हा ऊब मिळाली की त्यांतून मी उगवतो. मोरचुदापुढे त्या टिकतील की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून मोटारीच्या खोलीचं दार करकरलं की मी अजूनही अंग चोरतो.

तुम्हाला मेंदू आहे, डोळे आहेत, वाकून बघायला विहिरीला कठडाही आहे. पाण्यात कधी अनोळखी जीव दिसला, तर संशय जरूर घ्या. संशय वाईट नाही, मी त्यावरच जगतो. फक्त तो घेताना हातातली पिशवी आधी खाली ठेवा.