शेवग्यातलं शिसं

आबासाहेबांची कीर्तनावर भक्ती दांडगी. पहिल्या रांगेत बसून मान अशी डोलवायचे, की चाल त्यांनीच लावलीय असं वाटावं. तेवढीच भक्ती स्वतःच्या शेवग्याच्या बनावर. केडगावपलीकडच्या माळावर, कारखान्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी पाजून त्यांनी ते वाढवलेलं.

यंदा सप्ताहाच्या काल्याला त्यांनी फर्मान काढलं, "महाप्रसादाला बनातल्याच पाल्याची भाजी!"

सावेडीला कॉलेजात शिकवणाऱ्या जयमालाबाईंनी हा पाला तपासला होता. त्या सकाळीच मंडपात आल्या. "आबासाहेब, पाण्याची घाण गेली, वास गेला, शिसं राहिलं. ते झाडांनी पाल्यात ओढून घेतलंय. सावलीला बसा, पण खाऊ नका."

"बाई, देवाला निवद दाखवला की इखाचं अमृत हुतं!"

स्वयंपाकाच्या रंगुबाईचा झारा थांबला. "मग मी वाढू का नको?"

"वाढ!"

काल्याचं कीर्तन झालं, पंगत बसली. पत्रावळीवर भाजी पडली, पण कुणी हात लावेना. कुजबुज गावभर झालेली. कीर्तनकार ज्ञानेश्वर महाराज हसून म्हणाले, "यजमान, बन तुमचं, मान तुमचा. पहिला घास तुम्ही घ्या."

आबासाहेबांना घाम फुटला. त्यांच्या घरची भाजी बेलापूरच्या मेव्हण्याकडून यायची. बनातलं पान त्यांनी कधी जिभेला लावलं नव्हतं. हात जोडून ते म्हणाले, "महाराज, आज आमचा उपास हाय."

"अवो आबा," रंगुबाई कढईपासून ओरडली, "एकादशी काल झाली! आज बारस. बारशीला उपास सोडत्यात, धरत न्हाईत!"

पंगत खो खो हसली. एका टाळकऱ्यानं तर टाळच वाजवला. सुटका नव्हती. आबासाहेबांनी घास उचलला, आणि बघतात तर काय, समोरच्या लेकुरवाळ्या बायांसकट अख्ख्या पंगतीनं घास उचललेला. यजमानाच्या मागनं खायची गावाची रीत! आपल्या तोंडाकडं एवढे डोळे लागलेले त्यांनी प्रथमच पाहिले.

"ठिवा... ठिवा खाली समद्यांनी," ते पुटपुटले. "बाई खरं बोलत्यात."

महाराजांनी कान पकडले. "विठ्ठल, विठ्ठल! इतकी वर्षं कीर्तनं ऐकलीत, त्यातलं आज थोडं आत गेलं म्हणायचं."

गाव भाकरी-ठेच्यावर जेवलं. कढईभर भाजी तेवढी राहिली. गुरांना घालवत नाही, शेतात टाकवत नाही, ओढ्यात सोडवत नाही.

"कुठं सांडू, आबा?" रंगुबाईनं विचारलं. "का इचारता तुमच्या देवाला?"

आबासाहेबांनी कढईवर झाकण ठेवलं.