कुणालाही जमेल

सोराइदाबद्दलची एक गोष्ट छापखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची. विणकामाच्या एका पुस्तकाची मुद्रितं तिच्याकडे तपासायला आली होती. बाईनं काय करावं? लोकर आणि सुया विकत आणल्या, पुस्तकातली तान्ह्या बाळाची टोपी बरहुकूम विणली आणि सातव्या ओळीत चार टाके कमी पडतात हे शोधून काढलं. पुस्तक त्याआधी दोनदा छापून विकलंही गेलं होतं. "आमची सोराइदा नुसतं वाचत नाही, करून बघते," असं मालकीणबाई, दोन्या ओफेलिया, गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायच्या.

त्यामुळे हिमेना आर्बेलाएस यांचं पुस्तक आलं तेव्हा ते तिच्याच टेबलावर जाणार हे ठरलेलं होतं. डोंगरमाथ्यावरच्या मानिसालेस शहरात हिमेनाबाईंना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. रोज सकाळी सातला त्यांचा आवाज रेडिओवरून बेकरीत, टॅक्सीत, दाताच्या दवाखान्यात घुमायचा. त्या डॉक्टर नव्हत्या, पण सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. पुस्तकाचं नाव ‘नऊ दिवसांत नवी मी’. नऊ दिवस, नऊ प्रकरणं, आणि मुद्रितं परत करायलाही नेमके नऊच दिवस.

"जपून बघ गं," दोन्या ओफेलिया म्हणाल्या. "पाच हजार प्रती आहेत. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे व्हायला नको."

सोराइदानं मान हलवली. तोवर तिची बोटं कागदांच्या कडा चाचपत होती. सदतीस वर्षांची ही बाई बसली तरी बसल्यासारखी वाटायची नाही. पाय हलायचा, पेन्सिल फिरायची. चार ओळी झाल्या की उठायची, खिडकीपर्यंत जाऊन यायची, मग पुढच्या चार ओळी. बारा वर्षं तिनं अशीच काढली होती. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे, म्हणून कुणी काही बोलत नसे.

एक गोष्ट मात्र छापखान्यात कुणालाच ठाऊक नव्हती. तिच्या घरी कपाटात, जाड पांघरुणांच्या खाली, असलीच चौदा पुस्तकं होती. प्रत्येक तिनं वाचलं होतं, करून बघितलं होतं, आणि तीन-चार आठवड्यांनी पांघरुणाखाली सारलं होतं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञानं तिला तीन पानी अहवाल दिला. तिचं लक्ष इतरांसारखं एका खुंटीला बांधून राहत नाही, आणि आवाज, उजेड, स्पर्श, दुसऱ्याचा राग हे सगळं तिच्यावर इतरांपेक्षा कितीतरी जोरात येऊन आदळतं, असं त्यात लिहिलं होतं. हे सगळं जन्मापासूनचं. तो कागद घेऊन ती धावत थोरल्या बहिणीकडे, नूबियाकडे, गेली होती.

"हल्ली सगळ्यांनाच असतं हे," तव्यावरचा अरेपा, मक्याची जाड भाकरी, उलटत नूबिया म्हणाली होती. "मलाही आवाज सोसत नाही. तीन कार्टी आहेत घरात. मी जाते का डॉक्टरकडे? तू फार विचार करतेस सोरा, बाकी काही नाही."

अहवालाची घडी करून तिनं चौदाव्या पुस्तकात ठेवून दिली. हे पंधरावं. सोराइदानं ठरवलं, या खेपेला एकही पायरी गाळायची नाही. टाक्याला टाका विणायचा. मग कदाचित आपली चूक कुठे होते ते तरी कळेल.

पहिला दिवस पहाटे साडेचारला उठून गार पाण्यानं आंघोळीचा. त्या उंचीवर नळाचं पाणी म्हणजे वितळलेलं बर्फच. डोक्यावर धार पडली तशी तिला धडकीच भरली, ती दिवसभर उतरली नाही. दुपारी शर्टाची शिवण अंगाला करवतीसारखी लागत होती. पुस्तकात लिहिलं होतं, ‘शरीर कुरकुर करेल. त्याचं ऐकू नका.’ तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा नियम होता: सगळ्यात नकोसं काम सगळ्यात आधी, ते होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. तिचं नकोसं काम म्हणजे गळणाऱ्या छपराबद्दल घरमालकाला फोन. सकाळी सहाला ती फोन समोर ठेवून बसली. नऊ वाजता तशीच बसलेली होती. काय बोलायचं ते मनात चाळीस वेळा बोलून झालं होतं, तो काय चिडेल तेही चाळीस वेळा ऐकून झालं होतं, पण बोट काही पुढे सरकत नव्हतं. न्याहारी नाही, केस विंचरणं नाही, मांजराचं खाणं नाही. मांजर ओरडून ओरडून शेजाऱ्यांकडे निघून गेलं.

तिसऱ्या दिवशी डोळे मिटून वीस मिनिटं शांत बसायचं होतं. तिनं डोळे मिटले, आणि बाकीचं सगळं उघडलं. फ्रीजची घरघर, भिंतीतल्या नळातलं पाणी, खालच्या मजल्यावरचा खोकला, स्वतःचंच काळीज. ‘विचार ढगांसारखे येऊ द्या, जाऊ द्या.’ तिचे विचार म्हणजे उतारावर फुटलेलं संत्र्यांचं पोतं. एकेक धरायला ती धावत होती आणि धावता धावता दमत होती. चौथ्या दिवशी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या. ते तिला आवडलं. तिनं एकतीस लिहिल्या आणि कामावर दोन तास उशिरा पोचली. पाचवा दिवस हसण्याचा. आत काहीही चालू असो, चेहऱ्यावर हसू ठेवायचं. संध्याकाळपर्यंत तिचा जबडा दुखायला लागला.

सहावं प्रकरण शनिवारी आलं. पान एकशे बारा. ‘आपल्या कुंपणाबाहेर या. जिथे जीव घाबरा होतो तिथेच जा, आणि घाबरेपण विरघळेपर्यंत थांबा. हे कुणालाही जमेल. जमत नसेल, तर तुम्हाला मनापासून बदलायचंच नाही.’

त्याच शनिवारी नूबियाच्या धाकट्या मुलीचा, सालोमेचा, पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पहिल्या प्रसादाचा विधी होता. एरवी सोराइदा चर्चमध्ये जायची, पोरीला जवळ घ्यायची, केकचा तुकडा कागदात बांधून घ्यायची आणि निघायची. या वेळी ती बहिणीच्या घरी थांबली. मेहुण्यानं कपाटाएवढे दोन स्पीकर आणले होते. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी छातीवर आतून थापा मारतंय. ती हसत राहिली. तळणाचा वास, बायकांची अत्तरं, फुग्यांचं किरकिरणं, गालाला लागणारे ओले मुके, सगळं एकावर एक चढत गेलं.

"बघ! जमतंय की नाही?" नूबियानं तिला कमरेला धरून नाचायला ओढलं. "उगाच बाऊ करायचीस इतकी वर्षं!"

साडेतीन तास झाले. विरघळलं काहीच नाही. कुणीतरी केकची दुसरी बशी पुढे केली. ‘पुरे’ म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. शब्द आत दिसत होता, पण बाहेर येत नव्हता. ती जिन्यापर्यंत भिंत धरून गेली आणि पायरीवर कानांवर हात दाबून बसली.

"मेहुणीला चढली वाटतं," मेहुणा वरून हसत म्हणाला. तिनं थेंबभरही घेतली नव्हती.

रविवार तिनं सातवं प्रकरण न उघडता, खिडकीला गोधडी लावून काढला. सोमवारी ती कामावर गेली आणि दोन्या ओफेलियांसमोर चिठ्ठी ठेवली: ‘आज बोलता येत नाही. वाचता येतं.’ म्हाताऱ्या बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता गुळाच्या गरम पाण्याचा पेला तिच्या टेबलावर आणून ठेवला.

त्या मुक्या दिवसात सोराइदानं मुद्रितं पुन्हा पहिल्यापासून घेतली. चुकलेले स्वल्पविराम तिनं लाल शाईनं दुरुस्त केले. आणि समासात, बारीक पेन्सिलीनं, टोपीच्या वेळी लिहिलं होतं त्याच निर्विकार अक्षरात, बाकीचं लिहीत गेली. पान एकतीस: करून पाहिलं. दुपारी चारपर्यंत हात थरथरत होते. पान सत्तेचाळीस: काम झालं नाही, शिवाय इतर कामंही राहिली. पान एकशे बारा, ओळ सहा: ‘कुणालाही’ हा शब्द बरोबर नाही. मला जमलं नाही. वाचा गेली. शब्द बदलावा.

ती अस्वस्थ होती, पण त्या अस्वस्थपणाला पहिल्यांदाच वाट सापडली होती. बुधवारी गठ्ठा हिमेनाबाईंकडे गेला.

शुक्रवारी हिमेनाबाई स्वतः आल्या. रेडिओवरचा आवाज बंद खोलीत आणखीनच मोठा वाटत होता. "हे कुणाचं अक्षर आहे?"

"माझं," सोराइदा म्हणाली. वाचा मंगळवारी परत आली होती. ती खिडकीशी उभी होती, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

"तुम्हाला शुद्धलेखन बघायला दिलं होतं. माझं आयुष्य तपासायला नाही."

"तुमचं नाही तपासलं, डॉक्टर. पुस्तक तपासलं."

"तुम्ही मनापासून केलं नसणार."

"मनापासून म्हणजे किती, ते पुस्तकात दिलेलं नाही. मी साडेतीन तास केलं."

हिमेनाबाई खुर्चीत बसल्या. आवाज थोडा खाली आला. "हे बघा, मी हवेत लिहीत नाही. नवरा सोडून गेला, दुकान बुडालं. आठ महिने मी अंथरुणातून उठत नव्हते. त्या गार पाण्यानं मला उभं केलं. शप्पथ. हे खोटं आहे म्हणता तुम्ही?"

"नाही," सोराइदा पटकन म्हणाली. "ते खरं आहे. मग तसंच लिहा ना. ‘मला जमलं’ असं लिहा. ते तपासायचीही गरज नाही."

"हजारो पत्रं येतात मला. बायका रडून रडून आभार मानतात."

"ज्यांना जमलं त्यांची येतात. बाकीच्या कशाला लिहितील?" सोराइदा आता चालायला लागली होती, टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. "तुम्हीच लिहून ठेवलंय, जमलं नाही तर खोट त्यांच्यात. अशी चौदा पुस्तकं केली मी. चौदाही वेळा माझीच मला लाज वाटली. एकाही लेखकाला पत्र नाही लिहिलं. लाज वाटत असताना कोण पत्र लिहितं?"

हिमेनाबाईंनी पान एकशे बारा काढलं, बराच वेळ बघितलं. मग गठ्ठा बंद केला.

"‘काहींना जमेल’ असं छापलं तर पुस्तक कोण घेईल, ओफेलिया?" त्या सोराइदाकडे न बघता म्हणाल्या. "शब्द तसाच राहू दे. लाल शाईचं तेवढं घ्या. पेन्सिल खोडा."

शब्द तसाच राहिला. पाच हजार प्रती निघाल्या, एकही स्वल्पविराम चुकला नाही. पेन्सिलीच्या खुणा सोराइदानंच खोडल्या, दोन तास लागले.

हिमेनाबाई त्या दिवशी गेल्यावर दोन्या ओफेलियांनी दार लावून घेतलं. सोराइदाला वाटलं, आता नोकरी गेली.

"मोठं गिऱ्हाईक घालवत होतीस," त्या म्हणाल्या. "ते राहू दे. मला एक सांग. इथं तुला काय सोसत नाही?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर मात्र तयारच असल्यासारखं आलं. "डोक्यावरची ट्यूब. ती गुणगुणते. आणि सकाळी आठला सगळी यंत्रं एकदम सुरू होतात तो पहिला तास."

म्हाताऱ्या बाईंनी मान वर करून ट्यूबकडे बघितलं. "बारा वर्षं हिच्याखाली बसलीस. बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं, बदलायचं मला आहे. ट्यूब बदलता येते हे सुचलंच नाही."

सोमवारी ट्यूब निघाली आणि सोराइदाचं टेबल मागे कागदाच्या कोठीत, खिडकीच्या उजेडात गेलं. ती नऊला यायला लागली आणि सहापर्यंत थांबायला. त्यानं ती वेगळी बाई झाली नाही. पाय हलायचा तसा हलतच होता, घरमालकाला फोन अजून झाला नव्हता, आणि एका दुपारी कुणी मोठ्यानं दार आपटलं म्हणून तिला रडू कोसळलं. पण संध्याकाळी घरी जाताना अंगात थोडं बळ उरायचं. ते कशासाठी वापरायचं हे तिला कळेना, इतकं ते नवीन होतं.

नूबियाशी मात्र बिनसलं. त्या शनिवारी जिन्यावर का बसावं लागलं ते सोराइदानं तिला सांगितलं होतं. "माझ्या घरात तुला त्रास होतो?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"हो," सोराइदा म्हणाली.

तीन आठवडे फोन आला नाही. सोराइदा रोज दहादा फोन उचलून बघायची. हे तरी कशाला बोलले, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं दिवसभर डोक्यात फिरत राहायचं. रविवारी सकाळी नूबिया स्वतःच दारात उभी राहिली. हातात पेरूची पिशवी होती.

"पण तू हसत होतीस की गं," आत येता येता ती म्हणाली. जणू मधले आठवडे नव्हतेच. "त्या दिवशी. नाचताना. मी तुलाच बघत होते."

"पुस्तकात हसायला सांगितलं होतं."

नूबिया खुर्चीवर बसली. पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिली. "लहानपणी फटाके उडायला लागले की तू पलंगाखाली जायचीस. आई मला म्हणायची, ओढ तिला बाहेर. मी पाय धरून ओढायचे." ती थांबली. "तू लाथा मारायचीस. मला वाटायचं, खेळतेस."

सोराइदाला तिचा हात धरावासा वाटला, पण पेरूचा वास, बहिणीचे भरलेले डोळे आणि ती गोष्ट, सगळं एकदमच आलं. ती उठून खिडकीशी गेली.

"मला थोडा वेळ लागेल," ती पाठमोरी म्हणाली.

"लागू दे," नूबिया म्हणाली. तिला गप्प बसायची सवय नव्हती. ती दोनदा काही बोलायला गेली, दोनदा तिनं तोंड मिटलं. मग तिनं सुरी शोधली आणि पेरू कापायला घेतले, जमेल तितक्या हळू.