टिलमनचा लाल डबा

मित्रांनो, मी मालगाडीचा सगळ्यांत शेवटचा डबा, गार्डाचा. टेक्सासातल्या टिलमन गावात, स्टेशनाशेजारी रुळांच्या एका तुकड्यावर उभा आहे. उभा आहे म्हणायचं. खरं तर टेकलो आहे.

इथल्या विहिरीला पाणी होतं म्हणून वाफेची इंजिनं थांबू लागली, आणि इंजिनं थांबली म्हणून गाव वसलं. आम्ही कापूस नेला, गुरं नेली. माझ्या पोटातल्या शेगडीवर गार्ड कॉफी उकळायचे आणि वळणावर उभ्या पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या फेकायचे. पुढे डिझेलची इंजिनं आली. त्यांना तहानच नव्हती. गाड्या न थांबता जाऊ लागल्या, स्टेशनाचं संग्रहालय झालं आणि मी शोभेचा झालो.

दर ऑक्टोबरात रेल्वेदिनाला सारं गाव ब्रश घेऊन येतं आणि दुपारच्या आत मला लाल करून टाकतं. मग धुरावर शिजवलेलं मांस, पीच भरलेली गोड पेस्ट्री, बँड. "काय देखणा दिसतोय," म्हणतात. छतावर मात्र कोणी चढत नाही. ते रस्त्यावरून दिसत नाही ना. पाणी आत मुरत राहतं आणि पायाखालच्या फळ्या कुजत राहतात.

यंदा संग्रहालय सांभाळणाऱ्या मिस ओपलनं सणाच्या सकाळीच माझ्या दारावर आडवी पट्टी ठोकली. तिचे वडील माझे शेवटचे गार्ड.

नगराध्यक्ष लेलंड ब्रश घेऊन आला. "मिस ओपल, पोरं आत बसायला खोळंबलीत. काढा ती पट्टी."

"पोरं दारानं आत जातील आणि तळातून बाहेर येतील, लेलंड."

"अहो, रंगाचा एक हात मारला की..."

"तो तू बाहेरून मारतोस. तुझी नातही बसणार आहे ना? मग आधी तू जा. नाश्ता भरपेट झालेला दिसतोय, ते बरंच आहे."

लोक हसले. लेलंड हसला नाही. त्यानं पट्टीखालून हात घालून माझ्या तळाची फळी दाबली. बोटं भिजलेल्या केकात जावीत तशी लाकडात शिरली. त्यानं हात बाहेर काढला.

मग म्हणाला, "शिडी कोणाकडे आहे?"

रंगाचे डबे न उघडताच परत गेले. आता छतावर नवा पत्रा आहे, फळ्या बदलणं चालू आहे. बाहेरून माझे पोपडे सुटलेत आणि फोटो काढणारे दुरूनच निघून जातात. जाऊ देत. मित्रांनो, तुम्हीही सणासुदीला एखाद्या जुन्या वस्तूला किंवा थकलेल्या माणसाला सजवाल, तेव्हा आधी आत हात घालून बघा. परवा रात्रभर पाऊस झाला. कित्येक वर्षांनी मी कोरडा झोपलो.