जाड कापडावरची टीप

पहिल्या दिवशी टेकडीनं मला सातव्या खांबापाशीच सायकलवरून उतरवलं. वरपर्यंत विजेचे एकोणीस खांब. पाठीवर बारा किलो टपाल, मांड्यांत आग आणि तोंडात नुसत्या शिव्या.

टेकडीवरच्या वस्तीची टपालाची फेरी रिकामी झाली होती. ती मिळाली की माझी नोकरी पक्की, शिवाय ऑफिसची नवी सायकल. अट एकच: तीन महिन्यांनी भरल्या बॅगेनिशी शर्यत, पाय न टेकता जो आधी वर पोचेल त्याची फेरी. समोर होता उंट. आमचा हा पोस्टमन इतका लांबटांग्या की सायकलवर बसला तरी उभाच वाटायचा.

घरी येऊन मी आत्यासमोर आदळआपट केली. आत्या कपडे शिवते. मशीनवरून न उठताच म्हणाली, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण तुझ्या गुडघ्यांत दम कुठाय? बस इथे."

तिनं मला पायमशीनवर बसवलं आणि कॅनव्हासचं चार पदरी कापड सुईखाली सरकवलं. मी त्वेषानं पाय मारला. दोरा तुटला.

"जाड कापड आलं की हिसका द्यायचा नाही. हळू, पण न थांबता. टीप एकसारखी आली पाहिजे."

"तुला काय कळतं गं सायकलमधलं?"

"चाळीस वर्षं पाय मारतेय बाई! अजून दारापर्यंतही पोचले नाही, ते सोड."

आम्ही दोघी खो खो हसलो. मग तिनं आपली फी सांगितली: फेरी मिळाली तर माझी जुनी सायकल तिची. भंगारात घालणार म्हणाली.

रोज संध्याकाळी तासभर मी पिशव्या शिवल्या. आठवड्यातून तीनदा टेकडी. आधी रिकामी बॅग, मग निम्मी, मग भरलेली. रविवारी आत्या सायकलला कुलूपच घालायची, दमलेले पाय निजल्याशिवाय वाढत नाहीत म्हणे. नववा खांब. बारावा! सोळाव्यापाशी आठ दिवस अडकले, तेव्हा मी चिडून सायकलला लाथ घातली. सायकल काही बोलली नाही, अंगठा मात्र सुजला.

शर्यतीच्या सकाळी उंट सुसाट सुटला. माझं रक्त उसळलं. पेडलवर उभी राहणार, एवढ्यात आठवलं, दोरा तुटेल! दातओठ खात बसून राहिले. एकसारखी टीप, एकसारखी टीप. चौदाव्या खांबापाशी उंटाची मान खाली गेली. सोळाव्यापाशी त्याची सायकल नागमोडी जाऊ लागली. सतराव्याला त्याचा पाय टेकला.

"जा बाई, जा!" तोच ओरडला.

अठरा! एकोणीस! वर पोस्टमास्तर घड्याळ घेऊन उभे होते. आनंदाच्या भरात त्यांनाच मिठी मारणार होते, कसंबसं स्वतःला आवरलं.

"आत्या, मिळाली! फेरी मिळाली!"

आत्या अर्धी शिवण तशीच टाकून उठली. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सायकल आण आत."

"भंगारवाल्याला बोलावू?"

"मूर्ख! मला शिकव."

सायकल तिनं मशीनच्या शेजारीच उभी करायला लावली. अठ्ठावन्न वर्षांची माझी आत्या वर चढली, दोनदा माझ्या अंगावर पडली, तिसऱ्यांदा पाय पेडलला लागले. उंबरठ्यावर सायकल दणकली आणि कॅरिअर माझ्या हातातून सुटलं. मी रडत, हसत गल्लीत धावले.

"आत्या, ब्रेक लाव! ब्रेक!"

"मध्येच थांबून कुणी टीप घालतं का गं?" ती ओरडली. दार केव्हाच मागे पडलं होतं.