इंदूबाईचा पाट

इंदूबाईच्या मोठ्या बांधीत, अगदी मधोमध, बैलाच्या वशिंडासारखा एक उंचवटा होता. बांध घातलेल्या धानाच्या त्या शेतात पाणी सोडलं की ते अल्याड तुंबे, पल्याडची माती तहानलेलीच राही. उंचवट्यावर धानाची काडीही लागत नसे. पण रोवण्याच्या दिवसांत तिथे इंदूबाई बसे. गुडघे गेल्यापासून तिला चिखलात वाकता येईना. मग ती वर बसून गाणं सांगे आणि खाली वाकलेल्या बाया ते झेलत, रोप खोवत मागे सरकत. मूल गावाच्या रस्त्यानं जाणारे लोक सायकल थांबवून ऐकत.

उंचवटा काढायचं २००३च्या वैशाखात तिनंच ठरवलं. "मंग तू कुठी बसशीन?" गुणवंतरावांनी, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"घरी," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

त्या एका शब्दानं म्हातारा दोन दिवस धड जेवला नाही.

मूलहून मुश्ताकभाऊ आपला छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. लाल, बुटका, बांधीच्या कोपऱ्यातही सहज वळणारा. बायांनी त्याला ट्रॅक्टरचं वासरू म्हटलं आणि मुश्ताकलाही ते आवडलं. गुणवंतरावांना त्याच दिवशी बियाणं आणायला मूलला जायचं होतं. निघताना त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि लाजत, हळूच म्हणाले, "मधात एक पाट ठेवजो, भाऊ. बाईले सांगू नको."

मुश्ताक मनापासून राबला. आधी उंचवट्यावरची काळी माती खरवडून धुऱ्याशी, कडेच्या बांधाला, लावली. मग खालचा पिवळा मुरूम मागच्या पात्यानं ओढून खोलगट जागी भरला आणि वरून काळी माती साडीच्या घडीसारखी उलगडली. शेवटी पातं एका बाजूनं तिरपं केलं आणि बांधीच्या मधोमध, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, पाण्याचा सुरेख पाट काढला.

गुणवंतराव उन्हं कलताना परतले. बांधी तळहातासारखी सपाट होती. मधून पाट गेला होता, आणि बसायला ढेकळाएवढी जागा उरली नव्हती. ते धुऱ्यावर टेकले. बियाण्याची थैली मांडीवर तशीच.

काय झालं म्हणून इंदूबाईनं दोनदा विचारलं, तेव्हा खालीच बघत म्हणाले, "म्या पाट सांगतला होता. बसाचा. तुह्यासाठी."

मुश्ताकनं कपाळावर हात मारला. इंदूबाई मात्र हसायला लागली.

"बरं झालं बसाचाच होता," ती म्हणाली. "मले वाटलं, या वयात दुसऱ्या बाईशी पाट लावाचा इचार करून राह्यले."

गुणवंतरावांचे कान लाल झाले. हसता हसता तिचा पदर मात्र डोळ्यांपर्यंत गेला. तिच्या घरी बसण्याची काळजी कोणीतरी दोन दिवस पोटात बाळगून हिंडलं होतं.

मुश्ताकनं पाट बुजवायला ट्रॅक्टर सुरू केला, तर तिनं हात केला. पाट राहू दे, पल्याडच्या बांधीले पाणी जाईन, म्हणाली. मग पाटाच्या तोंडाशी पाय रोवून जागा दाखवली. मुश्ताकनं मागे-पुढे होत तिथे माती ओढली, पात्याच्या पाठीनं थोपटून घट्ट केली. गुणवंतरावांनी स्वतः बसून पाहिलं आणि चार बोटं उंची कमी करायला लावली. गुडघे फार मुडपले तर दुखतील, पाय लोंबले तरी दुखतील, असा त्यांचा हिशेब.

आषाढात रोवणा लागला. इंदूबाई मातीच्या पाटावर बसली, पाय पाण्याच्या पाटात सोडून. पाणी तिच्या जोडव्यांवरून पल्याड चाललं होतं. धुऱ्यावरून रोपांच्या पेंढ्या फेकणाऱ्या म्हाताऱ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि नवं गाणं धरलं:

पाट सांगे बसायाले, पाट आला पानियाचा,
धनी माहा भोळा बाई, शब्द त्याचा दो कामाचा.

बायांनी ते झेललं. गुणवंतरावांच्या हातातली पेंढी भलतीकडेच पडली.