चिंधीच्या अंगात आलेली देवी

मांजराच्या अंगात देवी आली, ही बातमी सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. कापडाच्या लूमवरून सुटलेले कारागीर डबे हातात घेऊनच धावले. साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेल्या बाया डिंकाची बोटं तशीच घेऊन आल्या. धुरपदाबाईच्या दारात पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर तिची मांजर चिंधी थरथरत होती. कान फडकत होते, तोंडातून लाळ गळत होती, बुबुळं मोठी झाली होती. आणि तिच्याभोवती कापडावर मेलेल्या पिसवा तीळ सांडावेत तशा पडल्या होत्या!

"बघा, बघा रे लोकहो!" उखा भगत नाचत होता. "आईनं रोग खाली टाकला आणि स्वतः वर चढली! पिसू मेली की नाही? बोला!"

"मेली!" गल्ली ओरडली.

कुणी हळद वाहिली, कुणी नारळ ठेवला. सखारामनं तर मांजरीलाच विचारलं, "माझं पोरगं नोकरीला लागेल का, आई?" चिंधीनं मान झटकली. भगत म्हणाला, "होकार आहे." झालं, सखारामनं लोटांगण घातलं.

हसू नका. त्या वर्षी सुरतेत प्लेग येऊन गेला होता. अर्धी गल्ली गाड्या भरभरून खानदेशात पळाली होती आणि दिवाळीनंतर परतली होती. रोग गेला, भीती मात्र तिथंच राहिली. उंदराची पिसू मांजरीवर, मांजरीची माणसावर, असा हिशेब ज्याच्या त्याच्या तोंडी होता. "ती मांजर आधी बाहेर काढा," म्हणून शेजारी रोज दारात भांडायचे. शेवटी धुरपदाबाईचा मुलगा भटूसुद्धा म्हणाला, "कामावर जाताना तिला तिकडं लांब सचिन गावात सोडून येतो."

धुरपदाबाईला दुसरं होतं कोण? नवरा गेला, बैल विकले, गाव सुटलं, आणि ती मुलाच्या एका खोलीत येऊन पडली. मुलगा लूमवर, सून जयश्री टिकल्यांच्या कामात. दिवसभर म्हातारीशी बोलायचं कुणी? लूमच्या चिंध्यांच्या ढिगात सापडलेलं ते पिल्लू तिच्या पोटाशी झोपायचं, म्हणून तर तिनं त्याला चिंधी म्हटलं. त्या एवढ्याशा जिवाला घरात ठेवता यावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणूनच तिनं उखा भगताला हाक मारली.

भगतानं गोणपाटाच्या पिशवीतून पिसूबंदीचा अंगारा काढला आणि मुठीमुठीनं चिंधीच्या अंगाला चोळला. धूप, कापूर, मंत्र, सगळा थाट झाला, आणि थोड्या वेळानं चिंधी थरथरू लागली. उरलेला अंगारा पुडीत बांधून देताना बजावलं, "उद्या दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब लावायचा नाही. आई कोपली तर माझ्याकडे येऊ नका."

गर्दी पांगल्यावर जयश्री जवळ आली. "आत्याबाई, ही कसली देवी? हिला काहीतरी बाधलंय. मी धुऊन काढते."

"हात लावू नको व माय!" धुरपदाबाई कळवळली. "पाणी लागलं आणि आई कोपली तर ही जाईल ना माझी!"

जयश्रीनं पुन्हा पुन्हा विनवलं, भटूनंही सांगून पाहिलं. म्हातारीनं मांजरीला पदराखाली घेतलं ते घेतलंच. आणि पदराखाली चिंधी मांजरं करतात तेच करत राहिली. झटका ओसरला की अंग चाटायची, पुन्हा झटका आला की ताठ व्हायची, पुन्हा चाटायची. आई प्रसाद घेतेय, असं म्हातारीला वाटलं.

उजाडताना चिंधीचं म्याव बंद झालं. धुरपदाबाईनं घाबरून तिच्या पाठीला तोंड टेकवलं. लाळेनं केस ओलेचिंब झाले होते, कापराचा वास उडाला होता, आणि खालून दुसराच एक वास आला. उग्र, कुबट, ओळखीचा. तिला आपला गोठा आठवला. बैलांना गोचीड झाले की तिचा धनी ही पावडर लावायचा. आणि लावण्याआधी बैलाला मुसकं बांधायचा, दोर आखडायचा. का, तर अंग चाटलं की बैल मरतो.

"जयश्री! धाव व! धुव हिले, धुव!"

दोघींनी साबणानं मांजर धुतली, रिक्षा केली, जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर गुजराती होते. त्यांनी पुडी हुंगली, इंजेक्शन भरलं, आणि विचारलं, "चाटा क्या इसने?"

"रातभर," जयश्री म्हणाली.

"देखो बा, ये दवा पिसू की नसें बिगाड़ती है, इसलिए पिसू मरता है. पेट में गई तो बिल्ली की भी नसें बिगाड़ती है. लार, कंपकंपी, झटके, सब उसी से. बिल्ली जीभ से नहाती है, जो ऊपर लगाओगे वो अंदर जाएगा. बैल की तो क्या, कुत्ते की दवा भी बिना पूछे बिल्ली को नहीं लगाते." मग ते हळू आवाजात म्हणाले, "कल ही धो देते, तो शायद..."

चिंधी धुरपदाबाईच्या हातातच गेली. मरी गई व मन्ही चिंधी, म्हणत म्हातारी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली.

संध्याकाळी भगत पुन्हा हजर! "आईनं मांजरीचा बळी घेतला, गल्लीवरचं संकट टळलं. आता घराघरानं अंगारा लावा." रुक्मिणीनं तान्ह्या पोराला पुढं केलं. त्याच्या कपाळावर चिमूटभर लावूनही झाला होता.

गर्दीतून वाट काढत धुरपदाबाई आली. तिनं आपली पुडी भगतापुढे धरली. "तुना अंगारा से ना हाऊ? तूच दिलास ना? मग तूच चाट."

"अगं मावशे, अंगारा लावायचा असतो, खायचा नसतो."

"मग माझ्या मांजरीला का नाही सांगितलंस?"

भगत गडबडला. "देवीची मर्जी..."

धुरपदाबाईनं पुडीवर तांब्यातलं पाणी ओतलं, ओला वास उठला तशी ती गर्दीपुढे धरली. "गावाकडे ज्यांनी ज्यांनी बैल पाळलेत, त्यांनी वास घ्या."

तिथं बैल कुणी पाळले नव्हते? एकेक जण वाकला. सखारामनं वास घेतला आणि मान खाली घातली. "गोचिडांची पावडर," तो पुटपुटला. भटूनं भगताची पिशवी हिसकून उपडी केली. चुलीची राख, कापूर, आणि बैलाचं चित्र असलेला पुडा! रुक्मिणी पोराला छातीशी घेऊन नळाकडे धावत सुटली. भगतानं मागच्या मागे पाय काढला.

पोरं त्याच्या मागे हुर्यो करत गेली. धुरपदाबाई मात्र ओट्यावर बसली. मग ती बोलू लागली.

"त्यानं औषध म्हणून दिलं असतं, तर मी विचारलं असतं. कशाचं आहे, किती लावायचं, मांजरीला चालतं का. अंगारा म्हणाला, आणि मी हात जोडले. सून सांगत होती, तिचंही ऐकलं नाही. मुसकं चिंधीला बांधायला पाहिजे होतं. मी ते माझ्याच तोंडाला बांधून बसले."

जयश्री तिच्याजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला.

म्हणून सांगतो, देवाचं नाव घेऊन कुणी काही हातात ठेवलं, तरी आधी विचारा. हे काय आहे, यात काय घातलंय, अंगात गेलं तर काय होतं. सांगता येत नसेल, तर घेऊ नका. विचारल्यानं कुठलीही देवी कोपत नाही. धुरपदाबाईनंही विचारलंच की. फक्त एक दिवस उशिरा विचारलं.