बिनआवाजाचे अध्यक्ष

अमेरिकेचा अध्यक्ष हवा होता, आणि तो दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या एका किराणा दुकानात कढीपत्ता निवडत उभा होता.

श्रीपतीने त्यांना तिथेच हेरलं. श्रीपती एरवी बांधकाम कंपनीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मालिकांना माणसं पुरवायचा. बैरूतची रबिया नावाची दिग्दर्शिका तेलाच्या राजकारणावर मालिका काढत होती. त्यात दोन भागांत अमेरिकेचे अध्यक्ष येतात आणि बहुतेक वेळ फोनवर असतात. दोह्यात खरे अमेरिकन भरपूर होते. श्रीपतीने दोघातिघांना नेऊन दाखवलंही, पण ते अध्यक्षांसारखे दिसत नव्हते. गोविंदराव आगाशे दिसत होते. गोरा रंग, घारे डोळे, पांढरे केस, आणि जन्मभर बँकेत लोकांना कर्ज नाकारल्यामुळे चेहऱ्यावर कायमची बसलेली सहानुभूती.

अनुभवही होता. नाशिकच्या हौशी नाटकांत गोविंदरावांनी आयुष्यभर गोरा साहेबच केला होता. कधी कलेक्टर, कधी जनरल, एकदा व्हाइसरॉय. देश स्वतंत्र झाला तरी नाशकात त्यांचं राज्य चालूच होतं.

आता मात्र त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. त्यांना परत नाशिकला जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी पत्नी सरोजिनीबाई गेल्या आणि मुलगा अभिजित त्यांना इथे, दोह्याबाहेरच्या अल खोरला घेऊन आला. अभिजित गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर, सून मधुरा शाळेत शिकवायची, नात नुपूर सातवीत. तिला आजोबांचं मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर इंग्रजीत द्यायची. सगळे त्यांची इतकी काळजी घेत की तक्रारीला जागाच नव्हती. सकाळी कंपनीची बस एकाला नेई, शाळा दोघींना नेई, आणि मग गोविंदराव आणि एसी एकमेकांकडे बघत बसत.

त्यांनी विषय काढून पाहिला होता. दर वेळी मधुरा आणखी एक पोळी वाढायची आणि अभिजित म्हणायचा, "बाबा, वर्ल्ड कप होऊ दे, मग बघू." त्या वर्षी कतारमध्ये सगळ्यालाच हे उत्तर होतं. समोरचा खणलेला रस्ता, मधुराची रजा, गळका नळ, सगळं वर्ल्ड कप झाल्यावर. पण व्हिसा तेवढा थांबणारा नव्हता. तो पुढच्या आठवड्यात आणखी वर्षभर वाढणार होता आणि त्यासाठी त्यांचा पासपोर्ट अभिजितने ऑफिसात देऊनही टाकला होता.

म्हणून गोविंदराव अध्यक्षपदाला लागले. निदान काहीतरी काम. तयारीला एकच इंग्रजी वाक्य दिलं होतं, ते नुपूरने त्यांच्याकडून घोटून घेतलं. आजोबा, शब्द बोलायचा नाही, चावायचा, असं तिचं म्हणणं होतं. आजोबा कवळी सांभाळून चावत होते.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अभिजितने त्यांना लुसैल या नव्या शहरात नेलं. एका नव्या टॉवरचा रिकामा मजला घेऊन तिथे व्हाइट हाउस उभं केलं होतं. खिडकीला पडदे होते, कारण बाहेर सोनेरी स्टेडियम दिसत होतं आणि वॉशिंग्टनमध्ये तसलं काही नसतं. गालिच्यावर गरुड छापला होता, तो जरा कोंबडीकडे झुकला होता. श्रीपती त्यांना पोचवून सिनेटर शोधायला निघून गेला.

सेटवर पाय ठेवण्यापूर्वी गोविंदरावांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि वाकून गालिच्याला हात लावून नमस्कार केला. रंगमंचावर पायताण घालून चढायची त्यांना सवय नव्हती. रबियाने विचारलं हे काय, अभिजितने सांगितलं. पाय टेबलाखाली जाणार होते, म्हणून तिने चालवून घेतलं. अमेरिकेचा कारभार त्या दिवशी मोज्यांवर चालला.

मग तिने वाक्य ऐकलं, छान म्हणाली, आणि आवाज घ्यायचा नाही असं ठरवून टाकलं. आवाज नंतर एक अमेरिकन माणूस देणार होता. यांनी फक्त ओठ हलवायचे. वाटेल त्या भाषेत, वाटेल ते बोला, पण मोठा निर्णय घेताय असं दिसू दे.

गोविंदरावांना लागलं, पण त्यांनी दाखवलं नाही. पहिल्या टेकला ते एकोणतीसचा पाढा म्हणाले. रबिया म्हणाली, हा माणूस बोलत नाही, मोजतोय. समोर ऐकणारा कुणीतरी हवा. तिने अभिजितलाच कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. फोनच्या पलीकडचा माणूस तू, उत्तरं देत राहा. मग तिने सगळ्यांना गप्प केलं.

गोविंदरावांनी रिसीव्हर उचलला. त्याला वायर नव्हती.

"अभि, मला नाशिकला जायचंय."

अभिजितने आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते.

"बाबा, हे इथे कुठे काढलंत?"

"घरी काढलं की पोळी येते. इथे मध्ये कुणी बोलणार नाही."

"एकटे राहणार तिथे?"

"इथे काय करतो दिवसभर?"

अभिजित थांबला. रबियाने हाताने खूण केली, चालू ठेव.

"आई गेली तेव्हा मी प्लांटवर होतो. आत फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये होता. सुटल्यावर बघितला." "तुम्ही इथे असलात की मला लॉकर बंद करता येतो, बाबा."

हे गोविंदरावांना माहीत नव्हतं. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून आणलंय, अशीच त्यांची समजूत होती. त्यांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला घेतला. कॅमेरा चालू होता.

"कधी बोलला नाहीस."

"तुम्हीही रोज विचारलं की 'मजेत' म्हणायचात."

"अरे, मी तिच्याजवळ बसलो होतो. हात धरून. माझा फोन माझ्या खिशात होता, डॉक्टर दाराशी होते. त्याने काय फरक पडला?" त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "माझ्या वेळीही तू लॉकरमध्ये फोन ठेवून कामाला जा. मी सांगतोय. पासपोर्ट परत माग."

अभिजितने खाली पाहिलं, मग मान हलवली.

"रविवारी ऑफिस उघडलं की मागतो."

अध्यक्षांनी रिसीव्हर ठेवला.

रबिया खूश होती. आवाज देणाऱ्याला मदत व्हावी म्हणून तिने विचारलं की ते काय म्हणाले. घरगुती बोलणं, अभिजित म्हणाला. मग सावधगिरी म्हणून आणखी एक टेक घेऊ, असं ती म्हणाली. आयुष्यात कधी दिग्दर्शकाला 'नाही' न म्हटलेले गोविंदराव उठले आणि बूट शोधू लागले. झालेलं परत उकरायचं नाही, एवढंच त्यांनी मुलाला तिला सांगायला लावलं.

मालिका लागली तेव्हा ते नाशकात होते. शेजारचे श्यामराव मुद्दाम बघायला आले होते. पडद्यावर गोविंदराव जाड अमेरिकन आवाजात आखातात आरमार पाठवायचा हुकूम देत होते. श्यामरावांना अभिनय आवडला, पण एक शंका होती.

"आरमार पाठवताना माणूस इतका हळवा कशाला होईल हो?"

"आरमार नंतर घातलंय," गोविंदराव म्हणाले.